लहान मुलांच्या पँटी घरी शिवणे : आसन, इलॅस्टिक आणि बाकी भानगडी

केतकी_घोडबंदर

मुलगा तीन वर्षांचा होईल आता. तयार पँटींना वैतागले आहे. मॉलमधल्या एका महागड्या पँटीला पुढे खोटी चेन, खोटं बटण, खरं मेटलचं बक्कल, आणि कंबरेला चाकूसारखं बारीक इलॅस्टिक. पोटावर लाल वळ उठतो. खाली बसला की मागून अर्धी उघडी. डायपर आता फक्त रात्री, दिवसा सू-शीसाठी स्वतः पँट खाली करायला शिकवतेय, तर त्याला ती ओढताच येत नाही.

आत्याचं पायाचं मशीन घरी आलंय, मोटर लावून घेतली आहे. सरळ टीप येते. उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या एवढी मजल गेलेली आहे. शर्ट-फ्रॉकच्या वाटेला जायचं नाही. घरात, खाली बागेत आणि नर्सरीत घालता येतील अशा साध्या पँटी आणि हाफ पँटी हव्यात. चेन नको, बटण नको.

प्रश्न असे : कापड कोणतं घ्यायचं आणि किती? कटिंग कसं करायचं, की विकतचा पॅटर्न आणावा? इलॅस्टिक किती रुंद? ठाण्यात सामान कुठे मिळेल? जाणकारांनी लिहा.

बोक्याची_आई

बुकमार्क. माझीही हीच रड आहे.

निवांत_नेरूळ

मोठ्या मुलांची (वय ४४, पोट सुटलेले) सोय याच चर्चेच्या धाग्यावर होईल का? इलॅस्टिकला माझा पूर्ण पाठिंबा आहे. हलके घ्या.

शिवणवर्ग

केतकी, पडदे सरळ येतात ना, मग पँट येणारच. या पँटीत अवघड असं एकच वळण असतं, ते म्हणजे आसनाचं (दोन पाय जिथे एकमेकांना जोडले जातात तो भाग). विकतचा पॅटर्न आणू नकोस. घरातच आहे तो.

त्याची आसनात नीट बसणारी एक जुनी पँट घे. लांबीला आखूड झाली असली तरी चालेल. जमिनीवर वर्तमानपत्र अंथर. पँट मधोमध दुमड, पायावर पाय, पुढची बाजू वर. कंबरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून धर आणि कडेने पेन्सिल फिरव. हा झाला पुढचा भाग. आता उलटी दुमड, मागची बाजू वर, आणि पुढच्या भागाच्या सरळ कडेला चिकटवूनच मागचा भाग काढ. बाहेरच्या बाजूची शिवण गायब झाली, एका पायाचा एकच तुकडा झाला. लहान मुलांना बाजूच्या शिवणीची गरज नसते. आपल्याला खिशाला लागते, त्यांचा खिसा वरून ठिगळासारखा लावता येतो.

आता नीट वाच. पुढच्या आसनाचं टोक कंबरेच्या मध्यापासून सरळ खाली येणाऱ्या उभ्या रेघेच्या बाहेर साधारण एक इंच येतं, मागचं दोन इंच. आणि मागची कंबर पुढच्यापेक्षा सव्वा ते दीड इंच उंच हवी, मध्यावर सगळ्यात जास्त आणि बाजूकडे उतरत गेलेली. डायपर असेल तर दोन इंच. मूल दिवसभर उकिडवं बसतं, वाकतं, चढतं. बसल्यावर मागचं कापड खेचलं जातं आणि ते कुठून तरी यायला हवं. बऱ्याच स्वस्त पँटींत, आणि काही महागातसुद्धा, पुढचं-मागचं सारखंच कापतात. कापायला सोपं, कापड वाचतं. तुझ्या मुलाची पँट मागून उघडी पडते ती त्यामुळे. इलॅस्टिक कितीही घट्ट केलंस तरी ती पडणारच, फक्त वळ वाढेल.

माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, सगळीकडे अर्धा इंच. वर नेफ्यासाठी, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी, दीड इंच (इलॅस्टिक इंचभर धरून). खाली मोहरीला (पायाच्या तोंडाला) एक इंच पुरतो, पण वाढतं अंग आहे, दोन-अडीच ठेव आणि आत दुमडून टाक. पुढच्या वर्षी उसवून खाली सोडता येईल.

कापड दुहेरी घालून काप, सुलट बाजू आत. एकेरी कापडावर एकच कागद दोनदा तसाच ठेवून कापलास तर दोन्ही डावे पाय निघतील. कापडाचा उभा धागा (काठाला समांतर जाणारा) पायाच्या लांबीत.

शिवायचा क्रम : आधी प्रत्येक पायाची आतली शिवण. दोन नळकांडी तयार होतील. एक सुलट कर, एक उलटंच राहू दे. सुलट पाय उलट्या पायात घाल, आतल्या शिवणी एकमेकींवर आण आणि पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत एका दमात टीप मार. तिला लागूनच दुसरी टीप. बाहेर ओढलास की हातात पँट. मग नेफा, इलॅस्टिक, मोहरी.

तीन वर्षांच्या साधारण मुलाला पूर्ण पँटीला ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) ६५ ते ७० सेंटीमीटर कापड पुरतं. हाफ पँटीला अर्धा मीटरसुद्धा जास्त होतो. कापड मात्र आधी भिजवून घे.

केतकी_घोडबंदर

ताई, प्रिंट काढून मशीनवर चिकटवते. पहिली कशाची शिवू? चांगलं कापड कापायला हात होत नाही.

शिवणवर्ग

मांजरपाट (साधं कोरं सुती कापड) आण. स्वस्त असतो, आणि बिघडला तर पुसायला कामाला येतो.

हिशेबी_वाशीकर

विरजण घालायला आलोय, राग मानू नका. स्टेशनबाहेर सुती हाफ पँटी दोनशेला दोन मिळतात. कापडाचे मीटरला दीडशे धरा, इलॅस्टिक, दोरा, वीज, मशीनची सर्व्हिसिंग, आणि तुमचा अख्खा रविवार. तीन वर्षांचं मूल एक पँट सहा महिने घालतं. कुठे बसतो हिशेब?

हौस म्हणून शिवा, जरूर शिवा. पण बचत होते असं कुणी सांगू नका.

मुग्धा_चरई

धागाकर्तीने बचतीचा ब तरी काढलाय का हो? मागून उघडी पडते आणि वळ उठतात, हा प्रश्न आहे. दोनशेत दोन आणून दोन्ही उघड्या पडल्या तर हिशेब कुठे मांडणार?

हिशेबी_वाशीकर

एक मापाने मोठी घ्यायची.

मुग्धा_चरई

म्हणजे मोहरी पायात येणार, मुलगा पडणार. मागची उंची तेवढीच राहणार. वर ताईंनी काय लिहिलंय ते वाचा आधी.

करघा

भिवंडीत कापडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे कापडावर चार ओळी.

बाजारात 'प्युअर कॉटन' म्हणून जे दाखवतात त्यात बरंच टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सुती, असतं. टेरिकॉट टिकतं, इस्त्री मोडत नाही, म्हणून शाळेच्या गणवेशात चालतं. पण ठाण्याच्या हवेत तीन वर्षांच्या पोराला ते घालणं म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. पॉलिएस्टर घाम पीत नाही. ओळखायचं कसं? कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा, बेसिनवर काडी लावा (पोरं लांब ठेवून). सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच, राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळी गोळी राहते. मिश्रण असेल तर दोन्ही दिसतं.

शिकाऊ हाताला केंब्रिक किंवा पॉपलिन सोपं. सुळसुळत नाही, खडूची खूण नीट बसते, कड फार सुटत नाही. मलमल मऊ असतं पण मशीनच्या दातांत ओढलं जातं, आणि आसनात तेवढं टिकतही नाही. कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडची बोटं स्पष्ट मोजता आली तर पँटीसाठी ते पातळ आहे, झबल्याला घ्या.

सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-पाच टक्के आटतं आणि जास्त करून उभ्या धाग्यात. म्हणजे २४ इंचांत जवळजवळ इंचभर. रात्रभर भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. गडद लाल, निळं असेल तर वेगळं भिजवा.

होजिअरी म्हणजे टी-शर्टाचं, स्वेटरसारखं विणलेलं ताणणारं कापड, त्याचं शास्त्र वेगळं. ते कुणीतरी लिहा.

ठाणेकर_जुना

सामानाचं सांगतो. स्टेशनच्या पश्चिमेला जांभळी नाका आणि मार्केटच्या गल्ल्यांत कापडाची दुकानं आहेत, चालत फिरा, भाव तिथल्या तिथे बदलतो. इलॅस्टिक, दोरा, सुया यासाठी कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जा. ब्लाऊजपीस आणि अस्तरं विकतात तेच. रुबियाचे तुकडेही तिथे मिळतात, हाफ पँटीच्या खिशाला झकास.

जास्त घ्यायचं असेल तर दादरला हिंदमाता, नाहीतर थेट मंगळदास मार्केट. रविवारी मंगळदास बंद असतं, नोकरदारांनी शनिवार धरा. आणि गाडी नेऊ नका, लोकलने जा.

बोक्याची_आई

उल्हासनगर राहिलं की.

ठाणेकर_जुना

उल्हासनगर जीन्सवाल्यांचं. तीन वर्षांच्या पोराला जीन्स? त्याने काय गुन्हा केलाय?

आजोबा_कळवा

आमच्या लहानपणी दिवाळीला एक तागा यायचा. वडील लालबागला गिरणीत होते, गिरणीच्या दुकानातून कापड मिळे. त्या एका ताग्यातून आम्हा भावंडांच्या चड्ड्या, बहिणींचे परकर आणि उरलं तर खिडकीचा पडदा. वाडीत निघालो की बँडपथकासारखे दिसायचो. हरवलेलं पोर ओळखायला सोपं, हा आईचा त्यावरचा युक्तिवाद. १९८२च्या संपानंतर ते दुकानही गेलं आणि ताग्याची दिवाळीही.

चड्डीला नाडी असे. नाडीची गाठ घट्ट बसायची, आणि घाई झाली की सुटायची नाही. पुढचं लिहीत नाही. आताच्या मुलांना इलॅस्टिक आहे, सुखी आहेत.

एक विचारायचं राहिलं. तेव्हाच्या चड्ड्यांत दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा लावत असत. तो आता कुणी लावत नाही का?

शिवणवर्ग

काका, लावतात की, पायजम्याला अजूनही. चौकोन तिरका ठेवून लावला की चारही शिवणी एका बिंदूत येत नाहीत, ताण वाटला जातो, फाटत नाही. मांडी घालून बसणाऱ्याला तो हवाच. पण कोपऱ्यांवर सुई नेमकी थांबवावी लागते, म्हणून नवशिक्यांना मी आधी साधं आसन शिकवते. केतकीने चार-पाच पँटी शिवल्या की मग.

पाळणाघर_ऐरोली

मी पाळणाघर चालवते, शिवत नाही. पण पँटी काढणारी-घालणारी मुलं दिवसभर समोर असतात, तेव्हा त्या बाजूने लिहिते.

अडीच-तीन वर्षांचं मूल पँट कशी खाली करतं ते एकदा निरखून बघा. आपल्यासारखं चिमटीत धरत नाही. दोन्ही अंगठे बाजूने नेफ्यात खुपसतं आणि कोपर मागे नेत ढकलतं. पुढून खाली येते, मागे कुल्ल्यावर अडकते. मग ते गोल फिरतं, जणू मागची बाजू पळून चालली आहे, आणि तेवढ्यात उशीर होतो. म्हणून इलॅस्टिक असं हवं की दोन्ही अंगठे सहज आत जातील. बारीक घट्ट इलॅस्टिक आत वळून त्याची दोरी होते, अंगठ्याला सापडतच नाही. रुंद आणि सैलसर असेल तर मूल पहिल्या आठवड्यात शिकतं.

डांगरी घालून मूल पाठवणाऱ्या पालकांना माझा साष्टांग नमस्कार. पुढे बक्कल, मागे पट्टे, आणि वर आईची चिठ्ठी की 'टॉयलेट ट्रेनिंग चालू आहे'.

चेन नको हे अगदी बरोबर. घाईत नाजूक कातडी अडकते, मुलग्यांचं विशेषतः. नाडीही नको. शोभेची असेल तर नेफ्यावर मधोमध शिवून टाका आणि टोकं आखूड ठेवा. घसरगुंडीत अडकतात. युरोपात तर सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याशी नाडी लावायलाच सुरक्षेच्या मानकानुसार मनाई आहे.

आणि मागे आतून रंगीत फितीचा छोटा तुकडा शिवा. 'लाल फीत मागे' एवढं सांगितलं की मूल स्वतः सुलट घालतं. एवढ्याने माझी सकाळ सोपी होते.

मुग्धा_चरई

या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

केतकी_घोडबंदर

अंगठ्यांचं वाचून आत्ताच मुलाला बघितलं. अगदी हेच करतो! मग इलॅस्टिक एक इंच घेऊ की पाऊण? आणि कापायचं किती? दुकानात दोन प्रकार दाखवले, एक ओढल्यावर अरुंद होतं, एक होत नाही.

तिरपी_टीप

ओढल्यावर अरुंद होतं ते वेणीसारखं गुंफलेलं. तेच नेफ्यात वळतं. जे ओढूनही तेवढंच रुंद राहतं ते घे, जरा महाग असतं पण पँटीला तेच. तीन वर्षांच्या मुलाला एक इंच बरं. दीड इंच घेतलंस तर पोटावर दुमडतं, मुलांना कंबर कुठे असते!

लांबी : कंबर मोजून त्यातून दोन इंच कमी. कंबर २० असेल तर १८, आणि जोडायला इंचभर जास्त. पण हे आकडे फक्त सुरुवातीला. नेफ्याला मागे दीड इंच तोंड ठेव, सेफ्टी पिन लावून इलॅस्टिक ओव, टोकं पिनेनेच जोड आणि मुलाला घाल. जेवल्यानंतर घाल, रिकाम्या पोटी नाही. बसव, पळव, मग लांबी ठरव. जोडताना टोकं एकमेकांवर इंचभर चढवून चौकोनी टीप मार, टोकाला टोक भिडवून नको.

शेवटी मागच्या मध्यावर नेफा-इलॅस्टिक सगळ्यातून एक उभी टीप. इलॅस्टिक आत फिरत नाही.

शिवणवर्ग

अनुमोदन. फक्त भर घालते. काजं असलेलं इलॅस्टिक मिळतं, आत बटण लावून लहान-मोठं करता येतं. बारीक अंगाच्या मुलांना उत्तम. मात्र बटण नेफ्याच्या आत राहू दे, पोटाला लागू देऊ नकोस.

निवांत_नेरूळ

'मुलांना कंबर कुठे असते' हे वाक्य मी माझ्याबद्दल असल्यासारखं वाचलं.

खारघरची_कविता

पावसाळ्याचा मुद्दा कुणी काढला नाही. जुलैत आमच्याकडे डोंगराच्या बाजूला कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. होजिअरीच्या ट्रॅक पँटी, डेनिम, सगळं कुबट. नेफ्यातलं इलॅस्टिक तर सगळ्यात शेवटी वाळतं. पातळ केंब्रिकच्या पँटी मात्र पंख्याखाली रात्रीत वाळतात. सू-शी शिकवण्याच्या दिवसांत दिवसाला चार-पाच पँटी लागतात, तेव्हा हेच कामाला येतं. हिशेबीकाका, हे पण धरा तुमच्या हिशेबात.

हिशेबी_वाशीकर

काका?! आत्ता चाळिशी आलीय.

खारघरची_कविता

लिखाणावरून वाटलं. :)

सोनचाफा_पाचपाखाडी

अवांतर, पण विषयाला धरून. नवऱ्याच्या जुन्या फुल शर्टाच्या दोन बाह्या म्हणजे दोन पाय आयते. खांद्याकडची बाजू वर ठेवून आसनाचं वळण कापायचं, कफ काढून मोहरी दुमडायची. मुलगा दोन वर्षांचा असेपर्यंत बसतं, पुढे मांडीत पुरत नाही. पाठीच्या तुकड्यातून एक हाफ पँट निघते. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती शर्ट, आटायचं होतं तेवढं आटलेला. नवं कापड याच्यापुढे कडकच वाटतं. पूर्वी बाळंतविड्यातली दुपटी जुन्या साडीची, धोतराची करत ती काय उगीच?

कापण्यापूर्वी शर्ट खरंच जुना आहे का हे ज्याचा आहे त्याला विचारावं. आमच्याकडे यावर एक संध्याकाळ अबोला झालेला आहे.

निवांत_नेरूळ

त्या शर्टाचं माप किती होतं? मी कपाट लावून घेतो.

दोन_लेकींची_आई

मुलींचंही लिहा कुणीतरी. लेकींच्या तयार शॉर्ट्स इतक्या तोकड्या का असतात? त्याच वयाच्या मुलाची गुडघ्यापर्यंत, मुलीची मांडीच्या टोकाला. घसरगुंडीवर मांड्या भाजतात. आणि खिसे नाहीत, असले तर खोटे. धाकटीला शंख, खडे, चिंचोके ठेवायला खिसा हवाच असतो, मग सगळं माझ्या पर्समध्ये.

मी मुलग्यांच्याच मापाने शिवते, दोन खिसे पुढे. खिसा आधी लावायचा, पाय सपाट असताना, शिवणी घालण्याआधी. नंतर नळकांड्यावर लावायला गेलं की पायाची मागची बाजू पण शिवली जाते. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना छोटा त्रिकोण टीप. चिंचोक्यांचं वजन कमी नसतं.

धुण्याआधी खिसे बघणे हे वेगळं काम होऊन बसतं, ते सांगून ठेवते.

तिरपी_टीप

होजिअरीचं राहिलं होतं. तुमच्या मशीनला नागमोडी टीप नसेल तर होजिअरी ओव्हरलॉकवाल्याकडे (कडा गुंफून शिवणाऱ्या मशीनवाल्याकडे) द्या. सरळ टीप ताणली की तटकन तुटते, आणि मूल पँट घालताना ताणणारच. नागमोडी असेल तर अगदी अरुंद ठेवा, टोक बोथट असलेली होजिअरीची सुई लावा. साधी सुई धागा तोडते आणि धुतल्यावर भोकं दिसतात. कापड ओढू नका, मशीनला नेऊ द्या.

जुन्या टी-शर्टाची हाफ पँट करताना टी-शर्टाची खालची दुमड तशीच मोहरीला वापरा. कंपनीची टीप आयती मिळते. फक्त कागद ठेवताना दोन्ही मोहऱ्या त्या दुमडीवर येतील असं बघा.

बोक्याची_आई

माझ्या मशीनवर खाली दोऱ्याचा गुंता होतो. वरून टीप छान, खाली जाळं. बॉबिन बदलली, काढून घातली, तेच. दुरुस्तीवाला दोनदा पैसे घेऊन गेला.

शिवणवर्ग

खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची गडबड. दोरा ओवताना मशीनचा पाय (सुईजवळचा, कापड दाबून धरणारा) खाली असतो का तुझा? पाय खाली असला की टेंशनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरवरून जातो. मग वरचा दोरा सैल, आणि तो खाली जमा होतो. पाय वर करून सगळा दोरा काढ, पहिल्यापासून ओव, सुई वर ठेव. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव. सुईही बदल. केंब्रिकला ११ किंवा १४ नंबरची, डेनिमला १६. सुई मोडेपर्यंत वापरायची असते हा गैरसमज घरोघरी आहे.

बोक्याची_आई

झालं!!! पायच खाली असायचा. ताई, तुमचा क्लास नक्की कुठे आहे?

शिवणवर्ग

नेरूळला होता, आता बंद केला. गुडघे. ज्यांना मन लावून शिकायचंय त्यांनी आयटीआयचा सूइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड बघावा.

केतकी_घोडबंदर

मांजरपाटाची शिवून झाली! मुलगा ती काढायलाच तयार नाही, त्यावर बॉलपेनने बस काढून घेतली आहे. मागून उघडी पडत नाही, ताई, अजिबात नाही. उकिडवा बसवून मागून फोटो काढला, इथे चढत नाहीये.

पण एक आहे. उभा राहिला की पुढे, दोन पायांच्या मधून मांडीकडे तिरक्या चुण्या पडतात, मिशांसारख्या. आणि चालताना आतल्या बाजूला ओढ बसते बहुतेक, हात लावत राहतो. आसन कापायचं राहिलंय की जास्त कापलंय?

करघा

मांजरपाट भिजवला होता ना?

केतकी_घोडबंदर

हो, दोनदा.

शिवणवर्ग

मध्यापासून मांडीकडे फाकणाऱ्या चुण्या म्हणजे आसनाचं टोक आखूड आहे. मांडीला वळसा घालायला कापड कमी पडतंय. पोर जरा गुटगुटीत आहे का? मग पुढचं टोक सव्वा इंच आणि मागचं अडीच कर. कागदावर टोक वाढव आणि आतल्या शिवणीला गुडघ्यापर्यंत हळूहळू मिळव. वळण खोल करू नकोस. खोल केलंस की कापड आणखी कमी होतं आणि ओढ वाढते.

उलट चुण्या कुल्ल्याखाली आडव्या, पडद्याच्या झालरीसारख्या पडल्या असत्या तर मागे कापड जास्त झालं असतं. तेव्हा मागची उंची थोडी उतरवायची.

हात लावत राहतो ते मायेमुळेही असू शकतं. आसनाच्या वळणावर अर्धा इंच माया आत चुरगळून जाड होते. दोन्ही टिपा झाल्या की वळणापुरती पाव इंच ठेवून बाकीची छाट आणि कडेने नागमोडी टीप नाहीतर हाताने कडेवरून तिरके टाके घाल. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी एकमेकींवर येतात तिथे गाठ होते, म्हणून एक शिवण पुढे वळव, एक मागे. आणि दोरा कुठला वापरलास? सुती दोरा आसनात लवकर तुटतो, पॉलिएस्टर घे.

केतकी_घोडबंदर

गुटगुटीत आहेच. कागद वाढवते. आता निळ्या केंब्रिकवर हात टाकते.

हिशेबी_वाशीकर

माझं मत अजून तेच आहे. पण काल लेकीची विकतची पँट हातात घेऊन पुढचं आणि मागचं मोजलं. सारखं निघालं. इंचभरही फरक नाही. एवढं नोंदवतो आणि जातो.

मुग्धा_चरई

जाऊ नका, बसा. लेक कितीची?

हिशेबी_वाशीकर

पाचची. शिवणवर्गताई, पाच वर्षांच्या मुलीचं माप तयार लिहिलेलं असेल तर द्या. बायको विचारतेय. (खरंच बायको विचारतेय.)

शिवणवर्ग

वयावरून माप देत नाही मी. एकाच वर्गातल्या दोन मुलींत वीतभर फरक असतो. कंबर, सगळ्यात फुगीर जागी कुल्ले, कंबरेपासून घोट्यापर्यंत लांबी, आणि खुर्चीवर बसवून कंबरेपासून खुर्चीपर्यंत उंची. एवढी चार मापं इथे लिहा, कुल्ल्यांच्या मापात चार-पाच इंच सैल धरून कटिंग सांगते.

हिशेबी_वाशीकर

ती एका जागी उभी राहिली तर ना!

पाळणाघर_ऐरोली

दोन बिस्किटं. पहिलं माप घेण्याआधी एक, चौथं झाल्यावर दुसरं. दोन्ही आधी दिलीत तर संपलं.